सव्विसावा किलो

"घरात किती?"

काट्यावर पंचवीस किलो भरले की चाचा हात थांबवत आणि गिऱ्हाइकाकडे न बघता एवढंच विचारत. गिऱ्हाईक म्हणे चार, नाहीतर सहा, नाहीतर दोन. मग चाचा पत्र्याचा एक किलोचा डबा तांदळाने काठोकाठ भरत आणि थैल्यात ओतत. ओतताना मान दुसरीकडे वळवत. तांदूळ पडायचा आवाज थांबला की उजवा तळहात थैल्याच्या तोंडावर ठेवत, जरा वेळ तसाच राहू देत, आणि एक आकडा बोलत.

बहुतेक वेळा तो आकडा गिऱ्हाइकाने सांगितलेलाच असे. कधीकधी नसे.

मला कुणाविषयी असं लिहिता येतं की नाही, माहीत नाही. मी कॉमर्सची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, त्यामुळे लिहिलेलं कुणाकडून तपासून घ्यावं असंही कुणी नाही. पण एखाद्या दुकानाच्या मागच्या बाजूला, गोणपाटांच्या धुळीत उभा असलेला असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, म्हणून लिहिते आहे. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानात सगळे चाचा म्हणत. माल भरून देणाऱ्याचं नाव बिलावर येत नाही.

दुकान अकोल्याला, जठारपेठेत. पुढे काउंटर, मागे गोदाम, गोदामाच्या दाराशी काटा. आमचं गाव बार्शीटाकळीच्या पुढे. बाबा बार्शीटाकळी ते अकोला काळीपिवळी चालवतात. गहू-ज्वारी मामाच्या शेतातून येते, तांदूळ तेवढा विकत घ्यावा लागतो. दोन-अडीच महिन्यांनी एक थैला. अकोल्याला स्वस्त पडतो आणि गाडी घरचीच, म्हणून तिथूनच.

मी बारावीत होते तेव्हा कराचा नवा नियम आला. नाव छापलेल्या, तोंड शिवलेल्या थैल्यातल्या धान्यावर पाच टक्के. सुट्या धान्यावर काही नाही. आणि थैला पंचवीस किलोच्या वरचा असेल तर त्यावरही काही नाही. झालं, महिन्याभरात बाजारात सगळीकडे सव्वीस किलोचे थैले दिसायला लागले. एक किलो जास्त घेतला की कर वाचतो, मग कोण नको म्हणेल?

दुकानाचे शेठ या एका किलोवर फार खूश होते. येईल त्याला समजावून सांगत. चाचा खूश नव्हते.

"जो किलो घराले लागत नोता, तो घरात जाऊन राह्यला," ते म्हणत. "मंग तो कोणीतरी खाईनच ना!"

मापाचं काम त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं. काटा आकडे दाखवत असला तरी ते डबे मोजूनच टाकत. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. चाचा बरकत म्हणत. बरकत, दोन, तीन, चार, असं पंचवीसपर्यंत मोठ्याने. सव्विसाव्या डब्याला मात्र तोंडातून आवाज निघत नसे. मी एकदा विचारलं, "चाचा, सव्वीस काहून नाही म्हणत तुम्ही?"

"आपलं मोजाचं असते, बेटा. दुसऱ्याचं नाही."

एकदा एक नवीन जोडपं आलं होतं. पोरीच्या हातावरची मेंदीसुद्धा पुरती गेली नव्हती. नवरा म्हणाला, "दोन." चाचांनी तळहात ठेवला आणि म्हणाले, "तीन." गोदामातले हमाल खो-खो हसले. ती पोरगी पदराने तोंड झाकून दुकानाबाहेरच पळाली. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिला थैल्याकडे वाकता येत नव्हतं. हमालांनी चाचांकडून पेढे खाल्ले. नवऱ्याकडून खायचे ते चाचांकडूनच खाल्ले, कारण म्हणे बातमी त्यांनी फोडली होती.

दुसऱ्या एका गृहस्थाने "सहा" सांगितलं, चाचाही "सहा" म्हणाले. गृहस्थ एकदम चिडले. "माय जाऊन महिना नाही झाला आमची. एक जास्त बोलून द्या ना! तुमचं काय जाते?"

चाचांनी हात काढला नाही. डोळे मिटून परत एकदा पाहिल्यासारखं केलं.

"नाही भाऊ," ते म्हणाले. "ते जेवून गेली. पोटभर जेवून गेली."

थैला खांद्यावर घ्यायला हमाल आला तर गृहस्थांनी त्याला बाजूला करून स्वतःच उचलला.

तुम्ही म्हणाल, हा म्हातारा माणसं बघून बोलत असेल. मलाही तसंच वाटायचं. एका मेसच्या मालकाने थट्टेत विचारलं, "माह्या मेसमधी ऐंशी पोट्टे हायेत, सांगा बरं किती?" तेव्हा चाचा हसले आणि हात ठेवलाच नाही. "मेसमधलं नाही सांगता येत. माणूस जेवते कुठी अन् ताट कुठी वाढलेलं राह्यते."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं.

आमची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा आई, बाबा आणि मी असे तिघं होतो. धाकटी सोनी शाळेत होती. चाचांनी विचारलं, "घरात किती?" बाबा म्हणाले, "चार." सव्विसावा डबा पडला. चाचांनी तळहात ठेवला.

"पाच," ते म्हणाले.

आईने माझा दंड धरला. तिची बोटं आत रुतली, ते मला अजून आठवतं.

आता हे सांगायला हवं. आम्ही पाचच होतो. माझ्याहून मोठा एक भाऊ. मी नववीत असताना बार्शीटाकळीच्या स्टँडवर, सगळ्या ड्रायव्हर लोकांसमोर बाबांनी त्याच्या कानाखाली मारली. कारण क्षुल्लक होतं, गाडीच्या काचेला तडा गेला होता. दादा घरी आला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. कोणी म्हणे नागपूरला पाहिला, कोणी म्हणे सुरतेला. फोन कधी आला नाही. बाबांनी पहिल्या वर्षी खूप शोधलं आणि मग एक दिवस सांगून टाकलं की या घरात त्याचं नाव निघालं नाही पाहिजे. नाव निघालं नाही.

"म्हातारा सटकला हाय," बाबा म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. इंजिन चालू करून ठेवलं. आम्ही थैला चढवेपर्यंत ते रस्त्याकडेच बघत होते.

घरी आल्यावर आईने तांदूळ पिंपात ओतला नाही. थैलाच चुलीजवळ उभा करून ठेवला. मला हळूच म्हणाली, "जो जेवते, तो हाय. होय की नाही वं?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर दर अडीच महिन्यांनी आई मलाच पाठवू लागली, बाबांबरोबर. बाबा बाहेर गाडीत बसत. मी आत जाई, "चार" सांगे, चाचा "पाच" म्हणत. घरी आले की आई बाकी काही विचारत नसे. तांदूळ कसा आहे, भाव काय लागला, काही नाही. "किती म्हणले?" "पाच." मग तिचे पुढचे अडीच महिने निघत.

पुढे मी अमरावतीला कॉलेजात गेले. पहिली दोन वर्षं दर शनिवारी घरी येत होते. एका दिवाळीच्या सुट्टीत मी आईकडे लक्ष ठेवलं. मी कॉमर्सची, मला मोजायला शिकवलं होतं. आई भाताला पितळी वाटीने तांदूळ घेते, माणशी एक वाटी. आम्ही चौघं, वाट्या पाच. मी म्हटलं, "आई, एक वाटी जास्त होते. उरलेलं कुत्र्याले जाईल."

"उरते कुठी?" आई म्हणाली. "पाह्य ना तूच."

मी पाहिलं. आठ दिवस दोन्ही वेळा पाहिलं. बाबांनी नेहमीइतकाच भात घेतला, सोनीने घेतला, मी घेतला, आईने घेतला. कोणी दुसऱ्यांदा घेतला नाही. आणि पातेलं रिकामं. मी खरडून पाहिलं, तळाशी शीतही नव्हतं. मी ताटात भात वाढतानासुद्धा मोजून पाहिला. हिशेब कुठे चुकतोय ते मला सापडलं नाही आणि आठव्या दिवशी मी मोजणं बंद केलं. मला भीती वाटली, हे कबूल करते.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट करावा लागतो. मी विषय घेतला, किराणा मालावरचा कर आणि तो निरनिराळ्या प्रदेशांत कसा लागत आला. अमरावतीच्या बाजारात चार-पाच दुकानदारांना भेटले. त्यांनी हल्लीचे दर सांगितले, पण जुनं कोणी नीट सांगेना. मग मी चाचांकडे गेले. वही काढली तर ते दचकले.

"लिहून घेऊन राह्यली का? मंग नीट बोला लागते."

थैल्यावर बसून त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तरुणपणी ते एका ट्रकवर होते. अमरावतीहून परतवाडा, मग मेळघाटातून धारणी, पुढे बुऱ्हाणपूर. तेव्हा प्रत्येक राज्याचा आपापला कर होता. शिवाय शहरात शिरताना जकात वेगळी. एकाच थैल्याचा मध्य प्रदेशात एक दर, घाट उतरून आलं की महाराष्ट्रात दुसरा, अन् अमरावतीच्या नाक्यावर परत काहीतरी.

"तांदूळ तोच," चाचा म्हणाले. "त्याले ठाऊक हाय का, कोणतं राज्य लागलं? पयले गाव बदललं का कर बदलाचा. आता साऱ्या देशात एकच हाय म्हणतेत. पण सुटा असला का नाही, बांधला का लागते, पंचवीसच्या वर गेला का परत नाही. म्हणजे नाका उठला नाही, बेटा. आता थैल्यातच बसून हाय."

मी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली.

एकदा ट्रकमध्ये चाळीस थैले होते. पलीकडच्या नाक्यावर कारकुनाने मोजले, चाळीस. पावती झाली. मग घाट लागला. वाटेत गाडी कुठे थांबली नाही, कोणी चढलं नाही. दुपारची वेळ. अलीकडच्या नाक्यावर मोजले, तर एक्केचाळीस. ड्रायव्हरने मोजले, चाचांनी मोजले, एक्केचाळीसच. कारकून म्हणाला, चोरून आणला. दंड लावतो म्हणाला. शेवटी ड्रायव्हरने त्या एका थैल्याचा कर वेगळा भरला आणि गाडी सोडवून घेतली.

"मग? तो थैला कोणाचा होता?"

"कोणाचा होता त्याचा पत्ता लागला नाही. पण कर आमी भरला. म्हणजे आमचाच झाला ना?" चाचांनी मांडीवरची धूळ झटकली. "अमरावतीले उतरवाले गेलो तं चाळीस."

हमाल हसतील म्हणून मी मागे पाहिलं. कोणी हसत नव्हतं. त्यांनी ती गोष्ट आधी ऐकलेली असावी.

जाता जाता मी विचारलं, "चाचा, तुमच्या घरात किती?" ते एका खोलीत एकटे राहत, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी दर काही महिन्यांनी स्वतःसाठी सव्वीस किलोचा थैला नेत, हेही माहीत होतं. एकटा माणूस एवढा तांदूळ काय करतो, यावरून हमाल त्यांना डिवचत.

"मापणाऱ्यानं सोताचं माप नाही घेऊ," ते म्हणाले आणि उठले.

प्रोजेक्ट तपासताना सरांनी घाटातल्या गोष्टीवर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, संदर्भ? सव्विसाव्या किलोचा भाग वाचून म्हणाले, "हे सर्वेक्षण आहे की भुताटकी? नियम लिही, परिणाम लिही, विषय संपव." मी ते काढून टाकलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "व्यापारी सव्वीस किलोचाच थैला का भरतात?" मी म्हणाले, "कर वाचवण्यासाठी." पूर्ण मार्क मिळाले.

त्या वर्षी माझं घरी जाणं कमी झालं. आधी प्रोजेक्ट, मग परीक्षा, मग अमरावतीतच एका ऑफिसात अर्धा दिवस काम मिळालं. शनिवार चुकू लागले. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग वाटेनासं झालं. मेसचा भात आवडायला लागला होता, हे मी घरी कधी सांगितलं नाही.

अशातच तांदूळ संपल्याचा आईचा फोन आला. मी सकाळी अमरावतीहून बसने निघाले, अकोल्याला उतरले, स्टँडवर बाबा गाडी घेऊन थांबले होते. आम्ही दुकानात गेलो. बाबा नेहमीसारखे बाहेर.

चाचा त्या दिवशी थकलेले वाटले. बरकत म्हणताना आवाज नीट फुटला नाही. पंचवीस झाले.

"घरात किती?"

"चार," मी म्हणाले.

डबा भरला, ओतला, मान वळवली. तळहात ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आकडा बोलताना त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"चार," ते म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "किती?"

"चार, बेटा."

"चाचा, नीट पाहा ना. पाच असते आमचं."

त्यांनी परत हात ठेवला. आजूबाजूला दुकान चालू होतं, कोणीतरी गुळाचा भाव विचारत होतं. चाचांनी मान हलवली. "चारच येऊन राह्यले. मी काय करू?" आणि पुढच्या थैल्याकडे वळले.

हमालाने आमचा थैला गाडीत टाकला. मी पुढे बाबांशेजारी बसले. शहर मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती. मी दाराची कडी घट्ट धरून बसले होते, जणू सोडली असती तर काहीतरी सांडलं असतं.

अर्ध्या वाटेत बाबांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "किती म्हणला तो?"

इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. म्हणजे बाहेर गाडीत बसून ते काय करत होते, ते मला तेव्हा कळलं.

"पाच," मी म्हणाले.

बाबांनी मोठ्यांदा हॉर्न वाजवला. समोर रस्ता मोकळा होता.

घरी आईला सांगायची वेळच आली नाही. मी चप्पल काढत होते, तोवर बाबा ओट्यावरूनच म्हणाले, "पाच म्हणे." दादाविषयी त्या घरात बाबांच्या तोंडून निघालेला हा पाच वर्षांतला पहिला शब्द. आई आतून धावत आली, बाबांकडे बघत राहिली, आणि दोघं तसेच इतका वेळ उभे राहिले की सोनी घाबरून रडायला लागली.

असं खोटं मी कसं परत घेणार होते?

अमरावतीला परतले तरी झोप लागेना. दादा मेला, असं मला वाटत होतं. कुठे, कसा, कोणी पाहिलं, काही माहीत नाही, आणि ही गोष्ट जगात फक्त मला आणि तांदूळ भरणाऱ्या एका म्हाताऱ्याला ठाऊक आहे. मेसमध्ये माझ्या शेजारी एखादं ताट रिकामं असलं तरी मी उठून दुसरीकडे बसायची. शेवटी ठरवलं, चाचांनाच जाऊन नीट विचारायचं. कोण कमी झालं? कधीपासून?

दीड महिन्यांनी गेले. काट्यापाशी दुसराच माणूस होता, तरुण, कानात मोबाइलची वायर. तो आकडे मोजत नव्हता, काट्याकडे बघून डबा थांबवत होता.

"चाचा?"

त्याने अंगठा शेठकडे केला.

शेठनी मला ओळखलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. ते तसे हिशेबी गृहस्थ, पण त्या दिवशी सांगताना सारखे गोदामाकडे बघत होते.

"महिना झाला. शेवटच्या दिवशी सोताचा थैला भरला त्यायनं. बरकतपासून मोजलं, पंचवीस केले अन् थांबले. मी म्हटलं, चाचा, एक किलो टाका वरतून, फुकट कर कायले भरता? तं म्हणे, नाही. आता पंचवीसच. पक्कं बिल बनवा, कर लावा. चाळीस वर्षांत त्या माणसानं माह्याकडून बिल नाही मागतलं कधी. मी बनवून देलं. पैसे मोजून देल्ले. थैल्यावर हात ठेवला, काहीच बोल्ले नाही. मंग चप्पल घातली अन् गेले."

"आणि थैला?"

"इथंच ठेवून गेले."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. चौथ्या दिवशी शेठनी माणूस पाठवला. खोलीला बाहेरून कुलूप, भाडं दिलेलं, शेजाऱ्यांना काही माहीत नाही. बुऱ्हाणपूरकडे कोणी नातलग असेल असं एक हमाल म्हणाला. दुसरा म्हणाला, नव्हतं कोणी.

थैला गोदामाच्या कोपऱ्यात होता. तोंड शिवलेलं, शिवणीत बिलाची घडी खोचलेली. बाकीचे थैले त्याच्यापासून हातभर लांब रचले होते. मुद्दाम रचले होते की कसे, मी विचारलं नाही.

"विकला नाही?"

शेठ हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तू शिकेल हाय म्हणून सांगतो. आठ दिवसानं मी तो काट्यावर ठेवला. बिल पंचवीसचं हाय, मी सोता पाह्यलं होतं भरताना. शिवण कोणी उसवली नाही." त्यांनी काट्याकडे पाहिलं. "सव्वीस भरला."

मी थैल्याच्या शिवणीकडे पाहिलं.

"काटा बिघडला असन," शेठ म्हणाले. "दुसऱ्यांदा नाही ठेवला मी."

मी त्या थैल्यापाशी गेले. तळहात ठेवावा असं वाटलं, पण ते माझं काम नव्हतं. मी आमच्यासाठी सव्वीस किलोचा थैला घेतला. घरी तांदूळ अजून असणार, हे माहीत होतं, तरी घेतला. त्या तरुणाने काही विचारलं नाही. काटा सव्वीसवर आला, त्याने तोंड शिवलं.

बाबा फेरीवर होते, त्यांना मी फोन केला नव्हता. दुसऱ्या एका काळीपिवळीने गेले. त्या ड्रायव्हरने ओळखीचं म्हणून थैला दारापर्यंत आणून दिला आणि गेला. दुपारचे बारा वाजले असतील. दार उघडंच होतं. आई चुलीजवळ माझ्याकडे पाठ करून बसली होती. समोर पातेलं, हातात पितळी वाटी, आणि ती स्वतःशीच पुटपुटत तांदूळ घेत होती. मी आवाज केला नाही. नाव घ्यायची बंदी होती तरी ती काय पुटपुटते, ते मला ऐकायचं होतं.

"सोनीच्या बाबाची," ती म्हणाली. एक वाटी.

"माही." दुसरी.

"सोनीची." तिसरी.

"अन् त्याची." चौथी.

आणि तिने वाटी पालथी घातली. पातेल्यात पाणी ओतायला हात पुढे केला.

मी दारातच उभी राहिले. बाबा, आई, सोनी, दादा. चार. चाचांचा तळहात, त्यांचं माझ्याकडे बघणं, माणूस जेवते कुठी अन् ताट कुठी वाढलेलं राह्यते. मी दर वेळी "चार" सांगत होते ते स्वतःला धरून. त्यांनी मोजलं तेव्हा दादा होता. कमी झालं होतं ते दुसरंच कोणीतरी.

आईला माझी सावली दिसली असावी. तिने वळून पाहिलं. "अवं माय! सांगतलं नाही तू, येऊन राह्यली म्हणून!" तिने घाईघाईने वाटी सुलटी केली, अजून एक वाटी तांदूळ घेतला, आणि पाहुण्यासाठी टाकतात तसा वरून चिमूटभर जास्त टाकला.

मग तिचं लक्ष थैल्याकडे गेलं. हात पुसत ती उठली. "एवढ्या लवकर आणला? किती म्हणले वं चाचा?"

मी खाली बसले. थैल्याच्या शिवणीवर उजवा तळहात ठेवला. आत तांदूळ जरासा सरकला, बसता बसता कोणी अंग चोरून जागा करून द्यावी तसा.

"पाच," मी म्हणाले.

बाबा फेरीवरून आले, सोनी शाळेतून आली, आम्ही जेवायला बसलो. मी दोन वेळा भात घेतला.

पातेल्यात एक शीत उरलं नाही.